प्रादेशिक सेनेच्या जवानाला बोलावणं आलं, तर सीमेवर जाण्याआधी नेमकं काय काय होतं?

मे 2025. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन दोन दिवस झाले होते. 9 मे रोजी संरक्षण मंत्रालयाचा एक आदेश बातम्यांमध्ये आला आणि काही मिनिटांतच व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागला : "आता धोनी सीमेवर जाणार का?"

निमित्त होतं प्रादेशिक सेनेचं, म्हणजेच टेरिटोरियल आर्मीचं. गरज पडल्यास या सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचे अधिकार केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना दिले होते. महेंद्रसिंग धोनी या सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल असल्यामुळे मीम्सचा पाऊस पडला. ज्यांना खरोखर बोलावणं येऊ शकतं, त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

हे लोक कोण? कुणी बँकेत काम करतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणाचं दुकान आहे, कुणाची शेती. वर्षातले काही आठवडे ते गणवेश घालतात, बाकीचं वर्ष आपल्यासारखंच जगतात. सोमवारी काउंटरवर बसलेल्या अशा माणसाला सीमेवर पाठवायचं असेल, तर आधी काय काय करावं लागतं?

त्याचं उत्तर बंदुकीपासून सुरू होत नाही. ते सुरू होतं कागदपत्रांच्या फाईलपासून आणि दातांच्या तपासणीपासून.

आदेशात नेमकं काय होतं?

6 मे 2025 ची तारीख असलेला हा आदेश 'टेरिटोरियल आर्मी रूल्स 1948' मधल्या नियम 33 खाली काढला गेला. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली, प्रादेशिक सेनेच्या 32 इन्फन्ट्री बटालियनपैकी 14 बटालियन प्रत्यक्ष सेवेत घेता येतील. लष्करी भाषेत याला 'एम्बॉडीमेंट' म्हणतात. दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य, उत्तर, दक्षिण-पश्चिम, अंदमान-निकोबार आणि प्रशिक्षण कमांड अशा सगळीकडे त्यांची तैनाती होऊ शकते.

दुसरी, बजेटमध्ये पैसे असतील किंवा बचतीतून वळवता येतील, तरच बोलावणं निघेल. दुसऱ्या एखाद्या मंत्रालयाच्या सांगण्यावरून बटालियन बोलावली, तर खर्चही त्याच मंत्रालयाचा.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. आदेशाचा कालावधी आहे 10 फेब्रुवारी 2025 ते 9 फेब्रुवारी 2028. म्हणजे तो लागू होतो पहलगाम हल्ल्याच्याही आधीच्या तारखेपासून, आणि चालतो पूर्ण तीन वर्षं. चार दिवसांच्या संघर्षापुरता तो नाही. शस्त्रसंधी झाली, मीम्स थांबले, आदेश मात्र कायम आहे.

प्रादेशिक सेना म्हणजे नेमकं कोण?

1948 च्या कायद्यानं ही सेना उभी राहिली. 9 ऑक्टोबर 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं औपचारिक उद्घाटन झालं. नियमित लष्कराला मागून आधार देणं, महत्त्वाच्या ठिकाणी पहारा देणं आणि आपत्तीत प्रशासनाला मदत करणं हे तिचं काम. 1962, 1965 आणि 1971 च्या युद्धांत तिच्या तुकड्या होत्या. नंतर श्रीलंका, पंजाब, काश्मीर आणि ईशान्य भारतातही त्यांनी काम केलं.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली 101 इन्फन्ट्री बटालियन पुण्यात आहे आणि 109 इन्फन्ट्री बटालियन कोल्हापुरात. भरती निघाली की या शहरांत हजारो तरुण रांगा लावतात, हे चित्र अनेकांनी पाहिलंय.

अधिकारी होण्यासाठी वय 18 ते 42 आणि स्वतःचं उत्पन्नाचं साधन ही अट असते. ही पूर्ण वेळची नोकरी नाही, हे भरतीच्या वेळीच सांगितलं जातं. अधिकाऱ्यांसाठी दरवर्षी दोन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. प्रत्यक्ष सेवेत घेतल्यावर मात्र पगार आणि भत्ते नियमित लष्करासारखेच मिळतात, आणि 1950 चा आर्मी ॲक्टही लागू होतो. म्हणजे त्या दिवसापासून तो माणूस कायद्यानं सैनिक असतो. "ऑफिसमध्ये काम आहे, पुढच्या आठवड्यात येतो" असं म्हणायची सोय राहत नाही.

पहिली तयारी : कागद

सैनिकाच्या घरात 'पार्ट टू ऑर्डर' हा शब्द लहान मुलांनाही माहीत असतो. लग्न झालं, मूल झालं, पत्ता बदलला की त्याची लष्कराच्या दफ्तरात नोंद करावी लागते. ती पार्ट टू ऑर्डरनं होते. जवळच्या नातेवाइकांच्या यादीला 'किंड्रेड रोल' म्हणतात.

नियमित जवानाची युनिट रोज त्याच्यासमोर असते, त्यामुळे या नोंदी बहुतेक वेळा होत राहतात. प्रादेशिक सेनेतला माणूस वर्षातला बराच काळ घरी असतो. मधल्या काळात लग्न होतं, घर बदलतं, वडील जातात. दफ्तरात मात्र जुनीच माहिती राहू शकते. बायकोचं नाव आधार कार्डावर एक आणि दफ्तरात दुसरं असेल, तर पुढे पेन्शनपासून विम्यापर्यंत सगळं तिथेच अडकतं.

याशिवाय घरचे कागद असतात. त्यात तीन गोष्टींचा घोळ नेहमी होतो.

एक, नॉमिनी. "नॉमिनी लावलाय, म्हणजे झालं" हा समज सर्रास आढळतो. उद्योजक आणि ज्योतिषी जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं की शेअर्स आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी आपोआप मालक होत नाही. वारसा हक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र जे सांगेल, तेच चालतं. म्हणजे नॉमिनी लावला तरी मृत्युपत्र लागतंच, आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

दोन, मुखत्यारपत्र. माणूस सहा महिने घरी नसेल, तर बँक, शेतजमीन आणि कर्जाच्या कामांसाठी कुणाला तरी अधिकार द्यावा लागतो. ज्यानं अधिकार दिला त्याचा मृत्यू झाला, की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्रही तिथेच संपतं. म्हणजे ते मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही कागद वेगवेगळे करावे लागतात.

तीन, विमा. कंपनीनं दिलेला मेडिक्लेम आहे म्हणून अनेक जण निश्चिंत असतात. पण अनेक वैद्यकीय आणि अपघात विमा पॉलिसींमध्ये युद्धामुळे झालेली इजा वगळलेली असते. ही ओळ बारीक अक्षरांत असते आणि ती निघण्याआधी वाचायला हवी.

अमेरिकेत रिझर्व्ह सैनिकाला पाठवण्याआधी हे सगळं एकाच ठिकाणी तपासलं जातं. एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर वकील मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र मोफत करून देतो. दुसऱ्यावर 'डीडी फॉर्म 93' तपासला जातो. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं आणि पैसे कुणाला द्यायचे, हे त्या फॉर्मवर लिहिलेलं असतं. तिसऱ्यावर विमा, ज्याची कमाल रक्कम मार्च 2023 पासून 5 लाख डॉलर आहे. एकल पालक असेल, किंवा नवरा-बायको दोघंही सैन्यात असतील, तर मुलांना कोण सांभाळणार याचा लेखी आराखडा द्यावा लागतो. तो नसेल तर तैनाती अडते.

दुसरी तयारी : शरीर

भारतीय लष्करात तंदुरुस्तीसाठी 'शेप' ही पद्धत वापरतात. इंग्रजीतली पाच अक्षरं, पाच गोष्टी : मानसिक स्वास्थ्य, ऐकण्याची क्षमता, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि दृष्टी. प्रत्येकाला श्रेणी मिळते. सगळीकडे पहिली श्रेणी असेल तर जवान 'शेप-1', म्हणजे कुठेही पाठवण्यास योग्य.

भरतीच्या वेळी शेप-1 असलेला माणूस पंधरा वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसला, तर काय होतं? वजन वाढतं, रक्तदाब वाढतो, साखर वाढते. यातलं बरंचसं जाणवतही नाही. शहरात गोळी घेऊन सहज जगता येतं. पण जिथे मेडिकल स्टोअर नाही, फ्रीज नाही आणि हॉस्पिटल हेलिकॉप्टरशिवाय गाठता येत नाही, तिथे हीच गोष्ट जिवावर बेतू शकते.

दातांचंही तसंच. ऐकायला गंमत वाटेल, पण अमेरिकी सैन्यात तैनाती रोखणाऱ्या कारणांत दात नेहमीच वरच्या क्रमांकावर राहिलेत. तिथे दातांचे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांतल्या सैनिकाला पाठवता येतं. येत्या वर्षभरात दाढ ठणकण्याची दाट शक्यता असेल, तर तो तिसऱ्या वर्गात आणि त्याला पाठवत नाहीत. चौथा वर्ग म्हणजे तपासणीच झालेली नाही. कारण साधं आहे. चौकीवर एका जवानाची दाढ सुजली, तर त्याला खाली आणायला वाहन, चालक आणि सोबतीला आणखी माणसं लागतात.

त्याशिवाय लसी, रक्तगट, कानांची तपासणी, चष्म्याचे दोन जोड आणि नेहमीच्या औषधांचा काही महिने पुरेल एवढा साठा. मलेरियाच्या भागात जायचं असेल, तर काही औषधं देण्याआधी 'जी-6-पीडी' ही रक्ततपासणी करतात, कारण या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विनसारख्या औषधाचा त्रास होतो. अमेरिकेत डीएनएचा नमुनाही घेऊन ठेवतात. तो कशासाठी असतो, हे प्रत्येक सैनिकाला माहीत असतं.

आणि भारतात एक गोष्ट अशी आहे, जी कितीही घाई असली तरी टाळता येत नाही : उंची.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 फुटांवर आहे, लेह सुमारे 11,500 फुटांवर. विमानानं हे अंतर काही तासांत पार होतं, पण शरीर तेवढ्यात बदलत नाही. म्हणून लष्कराचा नियम टप्प्यांचा आहे. 9,000 ते 12,000 फुटांसाठी सहा दिवस, 12,000 ते 15,000 साठी आणखी चार दिवस आणि त्याहून वर जायचं असेल तर पुन्हा चार दिवस. एकूण चौदा दिवस. हे न पाळता चढलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून तरुण, धडधाकट माणूसही दगावू शकतो. म्हणजे आज बोलावलं आणि उद्या सर्वात उंच चौकीवर पाठवलं, असं होऊच शकत नाही.

ही तयारी नसेल तर काय होतं?

दोन देशांनी याची किंमत मोजली आहे.

पहिला अमेरिका. 2003 मध्ये इराक युद्धासाठी रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डच्या सैनिकांना मोठ्या संख्येनं बोलावलं गेलं. त्याच वर्षी तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं सर्वात आधी निघणाऱ्या काही रिझर्व्ह तुकड्यांच्या नोंदी तपासल्या. सुमारे निम्म्या सैनिकांची दातांची तपासणी वेळेत झालेली नव्हती. चाळिशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांची नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी होणारी शारीरिक तपासणी राहिली होती.

ऑक्टोबर 2003 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट स्टुअर्ट तळावरची बातमी फुटली. सहाशेच्या आसपास आजारी आणि जखमी सैनिक साध्या बराकींत उपचारांची वाट पाहत होते. काही इराकहून परतलेले होते, तर काही जण देशाबाहेर गेलेच नव्हते. बोलावल्यावर त्यांचा आजार उघड झाला होता. त्यांना पुढे पाठवता येत नव्हतं आणि घरीही सोडलं जात नव्हतं.

त्यानंतर नियम बदलले. पहिल्या 25 दिवसांत जुन्या आजारामुळे अयोग्य ठरलेल्याला घरी पाठवता येऊ लागलं. पाच वर्षांतून एकदा होणारी आरोग्य तपासणी दरवर्षीची झाली. 2005 पासून रिझर्व्ह सैनिकांना तैनातीवर नसतानाही हप्ता भरून लष्करी आरोग्य विमा घेता येऊ लागला. थोडक्यात, तपासणी युद्धाच्या दारातून शांततेच्या काळात आणली गेली.

दुसरा रशिया. 21 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्याची घोषणा केली. लष्करी कार्यालयांतल्या नोंदी जुन्या होत्या. दीर्घ आजार असलेल्यांना, वय उलटून गेलेल्यांना आणि बऱ्याच मुलांच्या वडिलांनाही नोटिसा गेल्या. आठवडाभरातच पुतिन यांना चुका झाल्याचं जाहीरपणे मान्य करावं लागलं. खाबारोव्स्क प्रांताच्या गव्हर्नरांनी तर सांगितलं की बोलावलेल्या काही हजारांपैकी जवळपास निम्मे लोक निकषांत बसत नसल्यानं घरी परत पाठवले. तिथल्या लष्करी भरती अधिकाऱ्यालाही हटवण्यात आलं.

दोन्हीकडे माणसं कमी नव्हती. त्यांच्याबद्दलची माहिती जुनी होती.

आणि नोकरीचं काय?

घरात सर्वात आधी विचारला जाणारा प्रश्न हाच असतो.

भारतात कायदा जवानाच्या बाजूनं आहे. टेरिटोरियल आर्मी ॲक्टचं कलम 7ए सांगतं की लष्करी सेवा संपल्यावर मालकानं त्या माणसाला पुन्हा कामावर घ्यायचं, आणि तेही आधीपेक्षा वाईट अटींवर नाही. कलम 7बी प्रॉव्हिडंट फंडासारखे हक्क जपतं. बोलावणं येणार हे कळल्यावर जबाबदारी टाळायला आधीच कामावरून काढलं, तर तीही पळवाट चालत नाही.

मालकानं नकार दिला तर? प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. तो पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकतो, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई द्यायला लावू शकतो. शक्य नसेल तर मालकाला सूटही देऊ शकतो. आदेश मोडला तर दंड आहे. किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये.

हा आकडा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला आहे. तेव्हा ती मोठी रक्कम होती. आज एखाद्या कंपनीच्या एका मीटिंगच्या चहा-नाश्त्याचं बिल याहून जास्त होतं.

आणखी एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेवा संपल्यावर दोन महिन्यांच्या आत जवानानं परत घेण्यासाठी अर्ज केला नाही, तर मालकाला तेच कारण बचावासाठी वापरता येतं.

अमेरिकेत 1994 चा कायदा याहून बारकाईनं लिहिलेला आहे. एका मालकाकडच्या नोकरीत एकूण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी सेवेला संरक्षण आहे, आणि काही प्रकारची सेवा या मर्यादेत मोजलीच जात नाही. सेवा 180 दिवसांहून जास्त झाली, तर परत अर्ज करायला 90 दिवस मिळतात. माणूस तिथेच राहिला असता तर ज्या पदावर पोहोचला असता, ते पद द्यावं लागतं.

पण दोन्ही कायद्यांत एक गट सुटतो : स्वतःचं काम करणारे. किराणा दुकानदार, वकील, डॉक्टर, रिक्षाचालक, शेतकरी. त्यांना पुन्हा कामावर घेणारा मालकच नाही. सहा महिने दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि त्याची भरपाई कोणत्याही कलमात नाही. प्रादेशिक सेनेत येण्यासाठी उत्पन्नाचं साधन असावं ही अट आहे, पण तैनातीच्या काळात ते साधन टिकवण्याची जबाबदारी घरच्यांवरच पडते.

परत आल्यावरही तपासणी का?

नियमित जवान तैनातीवरून परततो तो युनिटमध्ये. आजूबाजूला तेच अनुभव घेतलेले लोक असतात. रिझर्व्ह सैनिक परततो तो थेट घरी आणि ऑफिसात, जिथे कुणालाच काही माहीत नसतं. झोप लागत नाही, चिडचिड होते, कानात सतत आवाज येतो. सुरुवातीला हे कुणी सांगत नाही, कारण घरी जायची घाई असते.

म्हणूनच अमेरिकेत आरोग्याची प्रश्नावली तीनदा भरून घेतात : जाण्याआधी, परतल्यावर लगेच आणि पुन्हा तीन ते सहा महिन्यांनी. तिसरी फेरी नंतर जोडली गेली, कारण मनाचे त्रास बऱ्याचदा उशिरा वर येतात. जाण्याआधीच्या नोंदीचा उपयोगही इथेच होतो. गुडघा किंवा कान तैनातीत खराब झाला की आधीपासूनच तसा होता, हे ठरवायला आधीचा कागद लागतो. तो नसेल तर अपंगत्वाच्या पेन्शनसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागतं.

मग धोनी जाणार होता का?

धोनीला 2011 मध्ये मिळालेली रँक मानद आहे. 2019 मध्ये त्यानं काश्मीरमध्ये आपल्या 106 पॅरा बटालियनसोबत दोन आठवडे घालवले होते, हे खरं. पण 2025 च्या आदेशाचा खरा भार मानद रँकवर नाही, 14 बटालियनमधल्या साध्या माणसांवर आहे.

त्यांच्यासाठी 9 फेब्रुवारी 2028 पर्यंतचा काळ महत्त्वाचा आहे. बोलावणं एका सहीनं निघतं, तयारी मात्र त्या एका दिवसात होत नाही. तुमच्या घरात किंवा नात्यात कुणी प्रादेशिक सेनेत असेल, तर पुढच्या सुट्टीत चार गोष्टी तपासून घ्या : दफ्तरातल्या नोंदीत बायको-मुलांची नावं आधार कार्डाप्रमाणेच आहेत का, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र दोन्ही झालंय का, विमा पॉलिसीत युद्धाबद्दल काय लिहिलंय, आणि शेवटचं रक्तदाब, साखर आणि दातांची तपासणी कधी केली होती.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "भरतीच्या वेळी" असं आलं, तर सुरुवात तिथूनच करा.